दोन वाटा, एकच बडबड

एक ग्रॅम साखर घ्या आणि तिचे चार हजार सारखे भाग करा. त्यातला एक भाग चिमटीत तरी येईल का? १९ एप्रिल १९४३ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात आल्बर्ट हॉफमन या रसायनशास्त्रज्ञांनी स्वतःच शोधलेलं एलएसडी घेतलं, ते एवढंच: २५० मायक्रोग्रॅम. सायकलवरून घरी जाताना रोजचा रस्ता डोळ्यांपुढे हेलकावू लागला. घरी दूध घेऊन आलेली शेजारीण त्यांना चेटकीण वाटली!

एवढ्याशा कणाने एवढी उलथापालथ? मेंदूच्या पेशींवर सेरोटोनिन या रसायनासाठी चिमुकली कुलपं असतात. एलएसडीची किल्ली त्यातल्या '२ए' नावाच्या कुलपातही फिरते. काही अळंब्यांमधल्या सायलोसायबिनचंही तसंच. कशावरून? झुरिकच्या फ्रान्झ फोलेनवायडर यांच्या गटाने काही जणांना आधी ते कुलूप अडवणारं औषध दिलं, मग सायलोसायबिन. भास जवळपास थांबलेच! ही गोष्ट १९९८ची.

मग अशा वेळी मेंदू नुसता पेटून उठत असेल ना? २०१२मध्ये रॉबिन कारहार्ट-हॅरिस यांच्या गटाने सायलोसायबिन दिलेल्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले, तर उलटंच दिसलं. मेंदूतली काही मोक्याची ठाणी शांत झाली होती! ही ठाणी 'डिफॉल्ट मोड नेटवर्क' नावाच्या जाळ्यातली. आपण रिकामे बसलो की हे जाळं कामाला लागतं: कालचं भांडण, उद्याची काळजी, लोक मला काय म्हणतील. थोडक्यात, आपल्या 'मी'ची अखंड बडबड.

आता खरी गंमत ऐका. २०११मध्ये येल विद्यापीठात जडसन ब्रुअर यांच्या गटाने मुरलेल्या ध्यानसाधकांचे मेंदू तपासले. याच जाळ्याची मुख्य ठाणी त्यांच्यातही शांत होती. औषध? काहीच नाही. नुसतं बसणं!

या दोन वाटा एकत्र आणल्या तर? झुरिकच्या संशोधकांनी तेही केलं. पाच दिवसांच्या शिबिरात ३९ अनुभवी साधकांपैकी काहींना सायलोसायबिन, बाकीच्यांना बिनऔषधी गोळी. २०१९मध्ये निष्कर्ष आले: सायलोसायबिन घेतलेल्यांचं ध्यान अधिक खोल गेलं होतं.

स्कॅनरला रक्ताचा प्रवाह दिसतो. 'मी' विरघळताना कसं वाटतं, ते आत पाहायला शिकलेला माणूसच सांगू शकतो. म्हणून प्रयोगशाळेला साधक हवा आणि साधकाला प्रयोगशाळा.

ही द्रव्यं भारतात कायद्याने बंद आहेत, आणि हे प्रयोग डॉक्टरांच्या नजरेखालीच होतात. पण 'मी'ची ती बडबड ऐकायला या द्रव्यांची गरज नाही. दोन मिनिटं डोळे मिटून बसा. ती लगेच सुरू होईल.