आधी थांबायला शिका

गेल्या श्रावणातील गोष्ट. नातवाने कुठूनशा लाकडी कड्यांची जोडी आणली आणि आमच्या सुलतान बाजारातील जुन्या घराच्या तुळईला पट्ट्यांनी टांगली. "आजोबा, तुम्ही मलखांब करीत होता ना? मग दाखवा की!" घरच्या मंडळींदेखत माघार घेणे चौसष्टाव्या वर्षीही जिवावर येते. कड्या मुठीत धरल्या, हात ताठ करून अंग वर उचलले आणि काय सांगावे! एक कडी पूर्वेला निघाली, दुसरी पश्चिमेला. हात लटलट कापू लागले, आणि तीन सेकंदांत आमची स्वारी पुन्हा जमिनीवर. सारे हसले. मला मात्र हसू आले नाही. त्याचे कारण पुढे सांगतो.

मलखांबाशी आपल्या शहराचे नाते जुने आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी निजामाकडील अली आणि गुलाब हे दोन मल्ल आव्हान घेऊन आले, ते बाळंभटदादा देवधरांनी स्वीकारले, आणि त्या तयारीतून मलखांबाची विद्या उभी राहिली, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. म्हणजे कथेपुरते तरी या विद्येला निमित्त हैदराबादचेच! त्यात पुरलेला मलखांब जागचा हलत नाही. टांगता मात्र झुलतो आणि गरगर फिरतो. कड्यांचे सख्य या टांगत्याशी.

पाश्चात्त्यांकडेही हा खेळ आजचा नाही. १८९६ साली अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिंपिक भरले, त्यात कड्यांची स्पर्धा होती आणि ती ग्रीसच्या इओआनिस मित्रोपुलोसने जिंकली. पुढे १९५६ आणि १९६० अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाच्या अल्बर्ट अझार्यानने त्यात सुवर्णपदक मिळविले. स्पर्धेच्या कड्यांचा आतील व्यास १८ सेंटिमीटर असतो आणि वर त्या एकमेकींपासून ५० सेंटिमीटर अंतरावर टांगलेल्या असतात. ताकदीची प्रत्येक मुद्रा तेथे निदान दोन सेकंद निश्चल धरावी लागते. झोके दिसतात खरे, पण परीक्षा थांबण्याचीही असते.

नवशिक्याची अडचण नेमकी हीच. जमिनीवर जोर काढताना जमीन आपल्याला सावरून धरते. कडी कोणालाच सावरत नाही. ती चहूकडे पळते, आणि तिला जागेवर ठेवण्याचे काम खांदे, छाती, पाठ व पोट यांनी मिळून करावयाचे असते. पहिल्या काही आठवड्यांत कंप कमी होतो तो स्नायू फुगल्यामुळे नव्हे. कोणत्या स्नायूला केव्हा हाक मारावी हे मज्जातंतू शिकतात म्हणून. स्नायूंच्या मानाने कंडरा सावकाश बळकट होतात. त्यामुळे स्नायू 'चल' म्हणू लागले तरी सांधे तयार झालेले असतातच असे नाही.

नातवाला हे कोण सांगणार? आठवड्यातच तो कापत्या हातांनी कड्यांवर खालीवर होऊ लागला. मी "थांब" म्हणालो. तो म्हणाला, "का?"

तेव्हा पन्नास वर्षे झाकून ठेवलेली गोष्ट सांगणे भाग पडले. १९७३ साल. मी बारा वर्षांचा. शाळा सुटली की गल्लीतल्या तालमीत जात असे. उस्ताद रोज बजावीत, "आधी टांगत्यावर स्थिर राहा, मग गिरकी." मोठ्या मुलांचे पाहून एके संध्याकाळी मी गिरकी घेतली आणि खांद्यावर पडलो. दीड महिना हात गळ्यात होता. नंतर तालमीची पायरी पुन्हा चढलो नाही. घरी सांगितले की अभ्यास वाढला. खरे कारण भीती. पुढे मुलानातवंडांना मात्र माझ्या मलखांबाच्या बढाया तेवढ्या ऐकविल्या!

नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "चला आजोबा, दोघे पहिल्यापासून शिकू."

डॉक्टरांना खांदा दाखविला, कड्या कमरेइतक्या खाली घेतल्या. पायांची बोटे जमिनीला टेकलेली, कोपरे ताठ, खांदे कानांपासून दूर खाली दाबलेले, पोट आवळलेले आणि कड्या अंगालगत. दहा सेकंद धरावयाचे, दोन मिनिटे विसावा. असे चार वेळा, एक दिवसाआड. जोडीला कड्या धरून मागे रेलावयाचे आणि छाती त्यांच्याकडे ओढावयाची. पाय उचलण्याची परवानगी आम्ही एकमेकांना महिन्याने दिली. अर्धा मिनिट कंपाशिवाय राहता आल्यावाचून खालीवर करावयाचे नाही, असा घरचा कायदा ठरला.

परवा नातवाचा अर्धा मिनिट भरला. मी अजून अठरा सेकंदांवर आहे. जुना खांदा कुरकुरला की उतरतो, त्यात आता कमीपणा वाटत नाही. उस्ताद आज हयात नाहीत. असते तर त्यांच्यापुढे गिरकी घेऊन दाखविली नसती. अठरा सेकंद नुसता स्थिर उभा राहिलो असतो.