मातीमोल

'मातीमोल' हा शब्द ज्याने कोणी मराठीत आणला, त्याने न्यू जर्सीत कधी माती विकत घेतली नसणार. आम्ही घेतली. एकदा नव्हे, दोनदा. आणि मधल्या वेळात पहिली माती फेकूनही दिली. मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत ही हकीगत आम्ही इतक्यांदा सांगितली, की शेवटी संपादकांनीच "लिहूनच टाका एकदा" म्हणून फर्मावलं. तेव्हा लिहितो.

२०२२ च्या डिसेंबरात बाबा गेले आणि फेब्रुवारीत आई आमच्याकडे आल्या. (आमच्यापैकी एकाची ही आई, दुसरीची सासू. लेखात सोयीसाठी 'आल्या, गेल्या' असंच लिहितो.) वाईजवळच्या गावात त्यांचा जन्म गेला. घरची थोडी जमीन, मागे परस, परसात अळू, घेवडा, दोडक्याचा वेल. इथे आल्यावर त्या दिवसभर खिडकीशी बसून राहू लागल्या. टीव्ही नको, देवळात नको, कोणाकडे जायला नको. जेवताना एवढंच म्हणायच्या, "या मेथीला वासच नाही रे." ओक ट्री रोडवर मेथीची जुडी बारा महिने मिळते, तीच आम्ही आणत होतो. मार्चमध्ये एका रात्री आम्ही दोघांनी ठरवलं, की मागच्या अंगणात आईंसाठी एक वाफा करायचा. आमच्यापैकी कोणालाही बागकामातलं ओ की ठो कळत नव्हतं. घरातलं मनी प्लँटही आमच्याकडे टिकत नाही.

सुरुवातीला वाटलं, माती काय, अंगणात आहेच की! इथली माती तांबडी. पण कोकणातल्या जांभ्याच्या मातीसारखी भुसभुशीत नाही. लाल शेलच्या खडकाची ही चिकण माती, ओली असताना बुटाला चिकटते आणि वाळली की विटेसारखी होते. तरी तीच खणणार होतो. पण शेजारच्या म्हाताऱ्या इटालियन आजोबांनी कुंपणापलीकडून विचारलं, "माती तपासलीत का?" आमचं घर १९५० च्या दशकातलं. घरांना लावायच्या रंगात शिसं घालायला अमेरिकेत बंदी आली ती १९७८ साली. त्याआधीच्या घरांच्या भिंतींवरून खरवडून पडलेला रंग मातीतच राहतो, कारण शिसं कुजत नाही की विरत नाही. आम्ही चार-पाच जागांची माती एकत्र करून रट्गर्स विद्यापीठाच्या माती-परीक्षण प्रयोगशाळेत पाठवली. (शिशाची तपासणी वेगळी मागावी लागते, हे लक्षात ठेवा.) निकाल आला तो दहा लाख भागांत सहाशेच्या वर. मुलं खेळतात त्या उघड्या मातीसाठी केंद्र सरकारने २००१ साली ठरवलेली मर्यादा होती चारशेची, आणि २०२४ च्या जानेवारीत पर्यावरण खात्याने सावधगिरीचा आकडा दोनशेवर आणला. म्हणजे खणायचा प्रश्नच मिटला.

आईंना हे समजावणं कठीण गेलं. "मातीत विष? घरच्या मातीत?" एवढंच दोनदा म्हणाल्या आणि पुन्हा खिडकीशी जाऊन बसल्या.

मग उरला उपाय म्हणजे फळ्यांची चौकट करून वर बाहेरची माती भरायची. फळ्यांचं फार अवघड नाही, सिडरच्या आणल्या, खाली जाड पुठ्ठा अंथरला. जागाही भिंतीपासून लांब, कुंपणाजवळ निवडली. चार फूट रुंद, आठ फूट लांब, दहा इंच उंच. हाताच्या बोटांवर हिशेब केला तेव्हा कळलं, की एवढ्याला सत्तावीस घनफूट माती लागते. म्हणजे बरोबर एक घनयार्ड. दिसायला वाफा पलंगाएवढा, पण माती खातो ढीगभर!

मिश्रणाची कृती आम्ही मेल बार्थोलोम्यू यांची घेतली. हे गृहस्थ मूळचे इंजिनियर. १९८१ साली त्यांचं 'स्क्वेअर फूट गार्डनिंग' हे पुस्तक आलं आणि पुढच्या आवृत्तीत त्यांनी जमिनीतली माती पार सोडूनच दिली. तिच्याऐवजी एक तृतीयांश पीट मॉस, एक तृतीयांश जाड व्हर्मिक्युलाईट आणि एक तृतीयांश कंपोस्ट, तेही शक्यतो पाच निरनिराळ्या प्रकारचं. कृती वाचायला भेळेइतकी सोपी. साहित्य जमवायला निघालो आणि पुढचे तीन शनिवार त्यातच गेले.

पीट मॉस सर्वांत सोपं. कॅनडातल्या दलदलींमधलं शतकानुशतकं साचलेलं शेवाळ, दाबून गाठोडं केलेलं. ३.८ घनफुटांचं एक गाठोडं मोकळं केलं की जवळजवळ दुप्पट होतं. पण ते आंबट असतं, म्हणून त्यात बागेचा चुना मिसळावा लागतो. "पानाला लावतात तो?" आईंनी विचारलं. त्या आठवड्यातला त्यांचा हा पहिला प्रश्न, म्हणून आम्हांला इतका आनंद झाला, की उत्तर द्यायलाच विसरलो. (तो नव्हे. बागेसाठी दळलेला चुनखडीचा दगड मिळतो, तो.)

खरी दमछाक व्हर्मिक्युलाईटने केली. हे अभ्रकासारखं पापुद्र्यांचं खनिज, भट्टीत तापवलं की लाह्यांसारखं फुलतं आणि मग पाणी धरून ठेवतं. मोठ्या दुकानांत त्याच्या आठ क्वार्टांच्या चिमुकल्या पिशव्या मिळतात. आम्हांला हवं होतं नऊ घनफूट. पार्किंगमध्ये गाडीत बसून भागाकार केला: एकोणतीस पिशव्या! त्याही बारीक दाण्याच्या. त्या किमतीत भारताचं एक तिकीट नसेल येत, पण विमानतळापर्यंतची टॅक्सी नक्की आली असती. तीन दुकानांतून तर "हे काय असतं?" असा उलटा प्रश्न आला. शेवटी दुकानांचा नाद सोडून ग्रीनहाऊसवाल्यांना माल पुरवणाऱ्या घाऊक वखारीत फोन केला. तिथे जाड दाण्याची चार घनफुटांची पोती होती. तीन आणली, दोनांहून थोडं अधिक लागलं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. तुमच्या जुन्या घराच्या माळ्यावर छताखाली चकाकत्या गोळ्यांसारखं काही पसरलेलं असेल, तर ते व्हर्मिक्युलाईट असू शकतं आणि त्याला हात लावू नका. माँटाना राज्यातल्या लिबी गावच्या खाणीतून अमेरिकेचं बहुतांश व्हर्मिक्युलाईट यायचं आणि त्यात ॲस्बेस्टॉस मिसळलेलं होतं. ती खाण १९९० साली बंद झाली. आजचा बागेचा माल दुसऱ्या खाणींतला असतो. तरीही धूळ उडू नये म्हणून ओतण्याआधी पाणी शिंपडावं, तोंडाला फडकं बांधावं.

राहिलं कंपोस्ट. आमच्या गावाच्या यार्डात पानांचं कंपोस्ट रहिवाशांना फुकट मिळतं, आपलं फावडं आपण न्यायचं. पण बार्थोलोम्यूसाहेब म्हणतात पाच प्रकार, म्हणून आम्ही हावरटपणा केला. कोणीतरी सांगितलं, की जवळच्या एका तबेल्यात लीद कुजवलेलं खत फुकट देतात. त्या दिवशी आई स्वतःहून गाडीत बसल्या. तबेल्यामागच्या ढिगापाशी जाऊन त्यांनी मूठभर खत उचललं, दाबलं, नाकाशी नेलं. "छान कुजलंय. हेच घ्या." दोन महिन्यांत त्यांच्या चेहऱ्यावर असा अधिकार आम्ही पाहिला नव्हता. आम्ही गाडी भरून आणलं. पानांचं कंपोस्ट नावापुरतं घातलं आणि बाकी सगळं हे.

एप्रिलच्या शेवटी आईंनी स्वतःच्या हातांनी मेथी पेरली. चौथ्या दिवशी उगवली. रोज सकाळी चहाआधी त्या बागेत. नातीला हाका मारून दाखवायच्या. आणि मग दुसऱ्या आठवड्यात मेथीची पानं चमच्यासारखी आत वळायला लागली. देठ पिळवटले. मेच्या मध्याला लावलेल्या टोमॅटोच्या शेंड्यांची तर नेच्यासारखी गुंडाळी झाली. पाणी कमी केलं, वाढवलं, कडुलिंबाचं तेल फवारलं. काही उपयोग नाही.

आई काही बोलल्या नाहीत. रात्री भांडी विसळताना मात्र म्हणाल्या, "माझ्या हाताचा गुणच गेला. हे गेले त्यांच्याबरोबरच गेला बहुतेक." दुसऱ्या दिवशीपासून त्या बागेत जायच्या बंद झाल्या. आम्ही दोघांनीही यावर त्यांच्याशी वाद घालून पाहिला. शिकल्यासवरल्या लोकांचा वाद तो, त्याने काय होणार?

उलगडा त्यांनीच केला, तोही नकळत. आठवडाभराने खिडकीतून बघत म्हणाल्या, "पण गवत बघ कसं तरारलंय त्या वाफ्यात. माती वाईट असती तर गवत तरी कसं आलं असतं?" लिदीतून आलेलं गवताचं बी खरोखरच जोमानं वाढलं होतं. आम्ही हेच वाक्य काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसात फोनवर सांगितलं. पलीकडच्या स्वयंसेवक बाईंनी लगेच विचारलं, "घोड्याचं खत घातलंत का?"

प्रकार असा, की कुरणांवर आणि गवताच्या शेतांवर रुंद पानाचं तण मारायला अमिनोपायरॅलिड, क्लोपायरॅलिड अशी औषधं फवारतात. गवताला त्यांनी काही होत नाही. घोडा ते गवत खातो, त्यालाही काही होत नाही, आणि औषध जवळजवळ जसंच्या तसं लिदीतून बाहेर पडतं. खत कुजलं तरी ते कित्येक महिने, कधी त्याहून जास्त काळ टिकतं. शेंगावर्गीय पिकं आणि टोमॅटो त्याला सर्वांत हळवे. म्हणजे मेथी, घेवडा, गवार, वाटाणा, जे जे आपल्याला हवं ते सगळं! तबेलेवाल्यांना तरी काय ठाऊक, त्यांनी गवत बाहेरूनच विकत घेतलेलं.

वास घेऊन हे ओळखता येत नाही. हे वाक्य आम्ही आईंना तीनदा मराठीत करून सांगितलं. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "म्हणजे औषध मारलेलं होतं होय! मग असं सांगा की." आणि उठून चपला शोधू लागल्या.

सत्तावीस घनफूट माती ढकलगाडीने काढायला दोन शनिवार-रविवार लागले. ती मागच्या हिरवळीवर पातळ पसरली. तिथल्या कापलेल्या गवताचंही कंपोस्ट करायचं नाही, कोणाला द्यायचं नाही. पीट आणि दोन पोती व्हर्मिक्युलाईट त्यातच गेलं. पाठ आणि पैसा दोन्ही मोडलं.

दुसऱ्या खेपेला कारभार आईंच्या हाती. पीटऐवजी नारळाच्या काथ्याचा भुसा आणला. पाच किलोची वीट पाण्यात टाकली की फुगून साठ-सत्तर लिटर होते. अशा चार विटा, खारटपणा जायला दोनदा धुऊन घेतल्या. वेष्टनावर तमिळनाडूतल्या पोल्लाचीचा पत्ता बघून आई म्हणाल्या, "सोडणं एवढ्या लांब विकायला आणतात? आम्ही बंबात जाळायचो." व्हर्मिक्युलाईट पुन्हा तीन पोती. कंपोस्ट म्हणाल तर गावाचं पानांचं आणि दुकानातलं दोन प्रकारचं. पण वाफ्यात काहीही पडण्याआधी परीक्षा. दह्याच्या रिकाम्या डब्यांना तळाशी भोकं पाडून प्रत्येकात एकेक कंपोस्ट कुंडीच्या साध्या मातीत मिसळून भरलं, एका डब्यात तुलनेसाठी नुसती साधी माती, आणि प्रत्येकात घेवड्याचे तीन दाणे. दोन-तीन आठवडे वाट पाहायची. पानं सरळ आली तर खत पास, वळली तर नापास. दुकानातलं एक नापास झालं! आईंनी तो डबा खिडकीत मुद्दाम ठेवून दिला, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला.

जूनच्या शेवटी पेरणी. त्याआधी रात्री पाणी दिलं होतं. सकाळी बी घेऊन आम्ही दोघं तयार, तर आईंनी मूठभर मिश्रण दाबून पाहिलं. गोळा झाला, अंगठ्याने टिचकी मारली तर फुटला नाही. "वाफसा नाही आला अजून. दुपारी." दुपारी पुन्हा दाबलं, गोळा झाला आणि टिचकीसरशी मोकळा झाला. मग पेरलं. हा शब्द आमच्यापैकी एकाने तीस वर्षांनी ऐकला. सप्टेंबरपर्यंत गवार पुरली, तीन वेळा मंडळात वाटली. मेथी ऑगस्टच्या अखेरीस पेरली. इथल्या कडक उन्हात ती लगेच फुलावर येते, थंडाव्यात बरी. तिचा वास कसा होता, हे आम्ही सांगणार नाही, आईंना विचारा. त्या सांगायला बसल्या की तास काढतात.

आता दुसऱ्या वाफ्याची मागणी आली आहे, अळूसाठी. सध्या स्वयंपाकघराच्या खिडकीत सहा डबे आहेत, घेवड्याचे. आणि गॅरेजमध्ये दीड पोतं व्हर्मिक्युलाईट पडून आहे. कोणाला लागत असेल तर घेऊन जा, रविवारी आम्ही घरीच असतो. येताना दह्याचे रिकामे डबे आणा.