निवृत्तीची पुंजी खातेदाराच्या हाती : अमेरिकेतील स्वनिर्देशित खाती

महाराष्ट्र शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर दाखल झालेल्या कर्मचाऱ्यांना परिभाषित अंशदान योजना लागू करण्यात आली आणि त्यांच्यापुरता ‘निवृत्तिवेतन’ या शब्दाचा अर्थच पालटला. जुन्या पद्धतीत अखेरच्या वेतनावरून निवृत्तिवेतन ठरते व ते देण्याची जबाबदारी शासनाची असते. अंशदान पद्धतीत दरमहा निधी साठतो, तो गुंतविला जातो आणि त्या गुंतवणुकीला जे फळ येईल त्यावर उतारवयातील मिळकत अवलंबून राहते. २०२४ मध्ये खात्रीच्या निवृत्तिवेतनाचा विकल्प देण्यात आला असला, तरी मूळ प्रश्न संपलेला नाही. हा निधी कोठे गुंतवावा हे कोणी ठरवावयाचे, आणि निर्णय चुकला तर ते कोणी सोसावयाचे?

या प्रश्नाला अमेरिकेने दिलेले उत्तर पुष्कळ पुढच्या टोकाचे आहे. तेथे खातेदाराला आपल्या निवृत्तीच्या खात्यातून जमीन, घर, खाजगी कंपनीचे समभाग, इतकेच नव्हे तर सोनेही घेता येते. या मोकळिकीला आता पन्नासहून अधिक वर्षे झाली आहेत.

कारखाना बंद पडला

या व्यवस्थेची पार्श्वभूमी एका मोटार कारखान्याशी निगडित आहे. इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथील स्टुडबेकर कंपनीने डिसेंबर १९६३ मध्ये तेथील कारखाना बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा कामगारांच्या निवृत्तिनिधीत पुरेसा पैसा नसल्याचे उघड झाले. साठी गाठलेल्यांना पूर्ण लाभ मिळाला. परंतु चाळीस ते साठ या वयोगटातील सुमारे ४,००० कामगारांच्या हाती हक्काच्या रकमेपैकी जेमतेम १५ टक्के पडले आणि त्याहून तरुण असलेल्यांना काहीच मिळाले नाही. या घटनेची चर्चा दहा वर्षे चालली. अखेर २ सप्टेंबर १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी कर्मचारी निवृत्ती संरक्षण कायद्यावर स्वाक्षरी केली. ज्यांना मालकाकडून निवृत्तिवेतन नाही अशांसाठी ‘वैयक्तिक निवृत्ती खाते’ याच कायद्याने निर्माण झाले. प्रारंभी त्यात वर्षाला फार तर १,५०० डॉलर भरता येत. १९८१ च्या कायद्याने ते सर्व कमावत्या व्यक्तींना खुले झाले. २०२५ या वर्षासाठी ही मर्यादा ७,००० डॉलर, व पन्नाशी गाठलेल्यांसाठी ८,००० डॉलर होती. मोठ्या रकमा मात्र बहुधा नोकरी सोडताना मालकाकडील खात्यातून वर्ग होऊन येतात.

कायद्याने काय घ्यावे याची यादी दिलेली नाही. काय घेऊ नये एवढेच सांगितले आहे. आयुर्विमा चालत नाही. चित्रे, गालिचे, पुराणवस्तू, रत्ने, टपाल तिकिटे, मद्य अशा संग्राह्य वस्तू १९८१ पासून वर्ज्य आहेत. काही ठराविक नाणी व विशिष्ट शुद्धतेचे सोने-चांदी यांना पुढे सूट मिळाली. बाकी सारे मोकळे. मात्र खाते अभिरक्षकाकडे, म्हणजे बँक किंवा शासनमान्य संस्थेकडेच ठेवावे लागते, आणि बहुतेक अभिरक्षक समभाग, कर्जरोखे, म्युच्युअल फंड व ठेवी यांपलीकडे जात नाहीत. जमीनजुमला किंवा खाजगी कर्जे सांभाळण्यास तयार असलेल्या मोजक्या संस्थांकडील खात्यांना ‘स्वनिर्देशित’ म्हणण्याचा प्रघात पडला. कायद्यात या नावाचा निराळा प्रकार नाही.

स्वतःचे, तरी स्वतःचे नव्हे

येथेच पुष्कळांची गफलत होते. खात्यातून घेतलेले घर खातेदाराच्या निवृत्तीसाठी असते, पण आज ते त्याचे नसते. भाडे खात्यात जमा व्हावे लागते. दुरुस्तीचा खर्चही खात्यातूनच व्हावा लागतो. खातेदाराने त्या घरात सुट्टीचे चार दिवस काढणेदेखील निषिद्ध आहे. पती-पत्नी, आईवडील, आजीआजोबा, मुले, नातवंडे आणि मुलानातवंडांचे जोडीदार यांच्याशी त्या खात्याला खरेदी-विक्री, भाडे वा कर्जाचा व्यवहार करता येत नाही. भावाबहिणींचा मात्र या यादीत समावेश नाही. भाऊबंदकी पाहिलेल्या आपल्याकडील वाचकाला याचे थोडे नवल वाटेल.

नियमभंगाची शिक्षा कठोर आहे. चूक एका व्यवहारापुरती मानली जात नाही. त्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून ते खाते निवृत्ती खाते उरत नाही, सर्व रक्कम काढून घेतल्याचे समजून तीवर कर आकारला जातो, आणि वय साडेएकोणसाठहून कमी असल्यास सामान्यतः आणखी १० टक्के भरावे लागतात. २०१३ मध्ये निकाल लागलेल्या एका प्रकरणात दोघा खातेदारांनी आपल्या खात्यांच्या पैशातून कंपनी स्थापून एक व्यवसाय विकत घेतला होता. खरेदीच्या कर्जाला त्यांनी वैयक्तिक हमी दिली. आपल्याकडे जामीन राहणे हा सौजन्याचा भाग समजला जातो. तेथे तीच हमी निषिद्ध व्यवहार ठरली व पुढे विक्रीतून झालेला नफा करपात्र झाला. २०२१ च्या दुसऱ्या एका निकालात खात्याच्या पैशातून घेतलेली सोन्याची नाणी घरातील तिजोरीत ठेवली होती. नाणी ज्या क्षणी ताब्यात आली त्या क्षणी रक्कम काढून घेतल्यासारखेच झाले, असे करविषयक न्यायालयाने ठरविले.

अभिरक्षक संस्था या बाबतीत सावध करील, ही अपेक्षा व्यर्थ असते. ती कागदपत्रे सांभाळते, हिशेब ठेवते, सांगितल्याप्रमाणे पैसे देते. गुंतवणूक चांगली की वाईट, किंबहुना ती खरोखर अस्तित्वात आहे किंवा नाही, हे तपासणे सामान्यतः तिचे काम नसते. विवरणपत्रातील मूल्यही बरेचदा गुंतवणूक विकणाऱ्यानेच कळविलेले असते. फसविणारे लोक नेमके याच फटीतून शिरतात. मान्यवर संस्थेचे नाव छापलेल्या कागदावर आकडा आला की खातेदार निश्चिंत होतो. अमेरिकेच्या रोखे नियामक आयोगाने २०११ मध्ये याविषयी जाहीर इशारा दिला होता.

दुसरे टोकही आहे. उद्योजक पीटर थील यांनी १९९९ मध्ये आपल्या करमुक्त ‘रॉथ’ खात्यातून पुढे पेपाल म्हणून प्रसिद्ध झालेल्या कंपनीचे १७ लाख समभाग अवघ्या १,७०० डॉलरना घेतले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तानुसार २०१९ च्या अखेरीस त्या खात्यात ५०० कोटी डॉलर होते. सामान्य बचतीसाठी केलेल्या सवलतीचा हा उपयोग योग्य काय, यावर तेथे मोठा वाद झाला. अशा उदाहरणावरून शिक्षकाने किंवा लिपिकाने आपली पुंजी एका कंपनीत घालणे शहाणपणाचे नव्हे, हे मात्र वादातीत आहे.

भारताच्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत सर्वसाधारण नागरिकाला निधी व्यवस्थापक निवडता येतो व समभाग, कंपनी रोखे, शासकीय रोखे यांत रक्कम कशी विभागावी हे सांगता येते. शासकीय कर्मचाऱ्यांची मुभा शासनाच्या आदेशांनुसार ठरते. परंतु अमुक गावचा भूखंड किंवा तमुक कंपनीचे समभाग घ्या, असे कोणासही सांगता येत नाही. ते काम व्यवस्थापकाचे.

स्वनिर्देशित खात्यात जमीन घेणाऱ्यासमोर अखेरची अडचण वयाबरोबर येते. रॉथ प्रकार वगळता, २०२३ पासून लागू असलेल्या नियमानुसार वयाच्या ७३ व्या वर्षापासून दरसाल ठराविक रक्कम खात्यातून काढावीच लागते. रोखे थोडे थोडे विकता येतात. जमिनीचा तुकडा दरवर्षी कसा विकावयाचा? तेव्हा खात्यात रोकड नसेल, तर मूल्यांकन करवून जमिनीतील काही हिस्सा स्वतःच्या नावे वर्ग करून घ्यावयाचा आणि त्यावरील कर पदरच्या पैशातून भरावयाचा, किंवा मिळेल त्या भावाने सबंध जमीन विकावयाची, असे दोनच मार्ग बहुधा उरतात.