अलिबाग ते रेवदंडा : आपल्या आडनावांचा रस्ता



आमची नातवंडे शाळेतून आली की विचारतात, "आजी, आपलं आडनाव नागावकर का?" तेव्हा आम्ही त्यांना सांगतो की नागाव नावाचे एक खरेखुरे गाव आहे, आणि ते अलिबागहून रेवदंड्याला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. हा राज्यमार्ग जेमतेम सतरा-अठरा किलोमीटरचा. आपल्या बेर शेवा-दिमोना रस्त्याच्याही निम्मा! पण या एवढ्याशा रस्त्यावर किती काय काय आहे ते ऐका.

२०१८ च्या जानेवारीत आम्ही दोघी बहिणी, आमचे धाकटे बंधू आणि दोन नातवंडे असे पाचजण तिकडे गेलो होतो. आमच्या लहानपणी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरायचे आणि पुढे एस.टी. धरायची. आता गेटवेहून मांडव्याला बोट जाते आणि तिथून बसने अलिबाग.

अलिबाग हे नाव अली नावाच्या आपल्याच एका बागाईतदारावरून पडले, असे आपली म्हातारी माणसे सांगत. खरेखोटे देव जाणे! पण इस्रायल आळी खरी आणि तिथले १८४८ सालचे मागेन अबोथ सिनेगॉगही खरे. मुलांना गंमत वाटली ती चुंबकीय वेधशाळेची. मुंबईत विजेची ट्राम येणार, मग तिथल्या नाजूक सुया नीट मोजमाप कशा दाखवणार? म्हणून कुलाब्याचे ते काम १९०४ साली अलिबागला आणले.

अलिबाग सोडले, खाडी ओलांडली की आक्षी. इथे एक मोठा शिलालेख आहे. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी त्यावरचे साल शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ असे वाचले. मराठीतल्या अगदी जुन्या लेखांत त्याची गणना होते. आपण ज्या भाषेत हे मासिक वाचतो, ती इथे हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरली गेली, हे ऐकून आमच्या बंधूंनी दगडाला हात लावून नमस्कारच केला.

त्यापुढे आमचे नागाव. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या आणि वाडीवाडीत विहीर. पूर्वी विहिरीवर रहाट असे. त्याची कुईकुई पहाटे ऐकू आली की आई म्हणे, "उठा, उजाडलं." उन्हाळ्याच्या सुमारास रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या दिसतात. या अलिबागच्या कांद्याला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आमची आई तो कच्चाच खायला देई, गोड लागतो म्हणून.

आता जे सांगतो ते सांगायला जड जाते, पण मुलांनी ऐकावे. १९५८ च्या पावसाळ्यात आमच्या धाकट्या बहिणीला, वय वर्षे दोन, जुलाब-उलट्या सुरू झाल्या. त्या काळी घरोघरी समज असा की पाणी दिले तर जुलाब वाढतात. ती "पानी, पानी" करी आणि मोठी माणसे तिच्या ओठांना ओले फडके लावीत. संध्याकाळी तिचे डोळे खोल गेले. शेजारच्या कोळीकाकांनी बैलगाडी जुंपली, बाबा तिला घोंगडीत घेऊन बसले. नागावहून अलिबाग आठ-नऊ किलोमीटर, पण रस्त्यावर पाणी, अंधार, चाके रुतत होती. इस्पितळाच्या दारात गाडी पोचली तेव्हा उशीर झाला होता. तिला अलिबागच्या आपल्या कबरस्थानात ठेवले.

आम्ही दोघी बहिणी नर्स झालो ते त्या रात्रीमुळे, असे आई म्हणत असे. १९७० साली इकडे आलो, हिब्रू शिकलो, पस्तीस वर्षे वॉर्डात काढली. १९७१ साली बंगालमध्ये बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने हजारो रोग्यांना वाचवले, ही बातमी पुढे आम्हांला कळली, तेव्हा आम्ही दोघी ड्युटीवरच रडलो. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. एवढेच. आमच्या घरात ते सगळे होते.

नागावच्या पुढे चौल. चेऊलकर मंडळी इथली. एके काळी हे मोठे बंदर होते. अरब प्रवासी याला सैमूर म्हणत. रामेश्वराच्या देवळापुढची पुष्करिणी पाहण्यासारखी आहे. रशियन व्यापारी अफनासी निकितिन १४६९ च्या सुमारास इथेच उतरला. त्याचे स्मारक रेवदंड्याला शाळेच्या आवारात आहे.

आणि मग रेवदंडा. रस्ता पोर्तुगीजांच्या किल्ल्याच्या तटातूनच आत शिरतो, त्यामुळे एस.टी. किल्ल्यात घुसली की पोरे टाळ्या वाजवीत. १७४० साली तो मराठ्यांकडे आला. इथले आपले बेथ एल सिनेगॉग १८४२ सालचे. पुढे कुंडलिकेची खाडी. पूर्वी तरीने पलीकडे जात, आता पूल आहे. पलीकडच्या कोर्लईला अजून पोर्तुगीज वळणाची बोली बोलणारी घरे आहेत. ते जिभेवर जपतात, तसे आपणही मराठी जपतो.

परतताना अलिबागच्या कबरस्थानात गेलो. धाकटीच्या कबरीवर दगड नव्हता, आणि आईने सांगितलेली खूण, कुंपणाजवळचे आंब्याचे झाड, तेही सापडेना. मिनियान नव्हते, म्हणून कद्दीश म्हणता आले नाही. बंधूंनी तेहिलिम म्हटले. आम्ही कुंपणाशी पाच खडे ठेवले. नात म्हणाली, "सावता, त्यांनी पाणी का नाही दिलं?" आम्ही म्हटले, "बाळ, कुणाला ठाऊकच नव्हतं." नंतर रिक्षा केली आणि नागावला पोचलो. पंधरा-वीस मिनिटे लागली असतील.

ज्यांना जायचे असेल त्यांनी डिसेंबर-जानेवारीत जावे. अलिबाग आगारातून रेवदंड्याच्या गाड्या सुटतात. शब्बाथला न जाता रविवारी जा, म्हणजे निवांत पाहता येईल. आणि आजी-आजोबांनो, गावात आपले कोण कुठे पुरले आहे, खूण काय, ते आजच एका वहीत लिहून मुलांच्या हाती द्या. आमच्या आईने तोंडी सांगितले, आणि झाड राहिले नाही.