अतिसूक्ष्माचे प्रत्यक्ष : इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि आपले विद्यार्थी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील तिस्रैषणीय अध्यायात, वस्तू विद्यमान असूनही प्रत्यक्ष का होत नाही याची आठ कारणे सांगितली आहेत. वस्तू अति जवळ असणे, अति दूर असणे, आवरणाने झाकलेली असणे, इंद्रियाचे दौर्बल्य, मन अन्यत्र असणे, सारख्याच वस्तूंत मिसळून जाणे, प्रबळ वस्तूपुढे लोपणे आणि अतिसूक्ष्मता, अशी ती कारणे होत. आपण सर्वांनी ही विद्यार्थिदशेत मुखोद्गत केली आहेत. विसाव्या शतकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने यांपैकी आठव्या कारणावर मोठी मात केली. उरलेल्यांपैकी बरीच कारणे मात्र या यंत्रासमोर बसलेल्या विद्यार्थ्याची पाठ सोडत नाहीत. आपल्या महाविद्यालयांत या यंत्राचे शिक्षण कसे असावे, याचा विचार प्रस्तुत लेखात याच सूत्राच्या आधारे करावयाचा आहे.

यंत्राची ओळख

साध्या सूक्ष्मदर्शकात प्रकाश वापरला जातो. प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर असल्याने, साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा कमी अंतरावरील दोन बिंदू त्यातून वेगळे दिसत नाहीत. भिंग कितीही उत्तम असले तरी ही मर्यादा राहतेच. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. १९३१ साली बर्लिन येथे एर्न्स्ट रुस्का व माक्स क्नोल यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत आणि काचेच्या भिंगाऐवजी चुंबकीय भिंग वापरून ही मर्यादा ओलांडण्याचा मार्ग खुला केला. या कार्याबद्दल रुस्का यांना १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या यंत्राचे मुख्य प्रकार दोन. ट्रान्समिशन प्रकारात झोत पातळ नमुन्याच्या आरपार जातो व आतील रचना दिसते. स्कॅनिंग प्रकारात झोत पृष्ठभागावरून ओळीओळीने फिरतो व पृष्ठभागाचे चित्र मिळते. महाराष्ट्रातील अलीकडचे उदाहरण म्हणजे पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था. तेथील शास्त्रज्ञांनी ट्रान्समिशन प्रकारच्या यंत्राने घेतलेले कोरोना विषाणूचे छायाचित्र मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील सुस्पष्ट विषाणुकण ७५ नॅनोमीटर आकाराचा होता.

आपल्याजवळील सोय

धरणगावसारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांना हे यंत्र केवळ मुंबई-पुण्याचे वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. जळगाव येथे १९९० साली स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात, ज्यास २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे, फील्ड एमिशन जातीचा स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बसविण्यात आलेला आहे. मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने उभे राहिलेले उपकरण-केंद्र बाहेरील संस्थांचेही नमुने तपासून देते. जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या आय-स्टेम या राष्ट्रीय व्यवस्थेमुळे कोणते उपकरण कोठे आहे हे शोधून वेळ राखून ठेवणेही शक्य झाले आहे.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास धातूचा तुटलेला पृष्ठभाग दाखवून तो ताणाने तुटला की वारंवार पडणाऱ्या भाराने थकून तुटला, हे या यंत्रावर ओळखण्यास शिकविले जाते. खानदेशच्या कापसाचा तंतू पिळलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो, हे पाहिलेला विद्यार्थी तो तंतू विसरत नाही. आपल्या रसशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी याच तोडीचे अध्ययनद्रव्य म्हणजे भस्म होय. भस्म कोरडे असते. निर्वात पोकळीत ठेवण्यास क्वाथ, घृत वा तैल यांच्या मानाने ते फारच सोयीचे.

भस्मपरीक्षा : जुनी आणि नवी

रेखापूर्णत्व ही परीक्षा आपण सर्व जाणतो. अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये चोळलेले भस्म बोटांवरील रेषांत शिरून बसले पाहिजे. वारितर, निश्चंद्र, अपुनर्भव व निरुत्थ या परीक्षाही तशाच. यांतील पहिल्या दोन प्रामुख्याने सूक्ष्मतेच्या आहेत. शेवटच्या दोन, धातू मूळ रूपात परत येतो की नाही हे पाहणाऱ्या, म्हणजे रासायनिक रूपांतराच्या आहेत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे छायाचित्र पहिल्या गटाविषयी पुष्कळ सांगते, दुसऱ्या गटाविषयी फार थोडे. त्यासाठी क्ष-किरण विवर्तनासारखी पद्धती लागते. मुंबई आय.आय.टी.च्या रासायनिक अभियांत्रिकी विभागातील प्रा. जयेश बेल्लारे व सहकाऱ्यांचा जसद भस्मावरील निबंध २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात नॅनो आकाराचे कण आढळल्याचे व जस्ताच्या ऑक्साइडात ऑक्सिजनचे प्रमाण न्यून असल्याचे नमूद आहे. हा निष्कर्ष अनेक उपकरणे एकत्र वापरून काढलेला आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी.

न दिसण्याची उरलेली कारणे

आवरण : विद्युत्-अवाहक भस्मावर इलेक्ट्रॉन साचू नयेत म्हणून सोन्याचा अतिपातळ थर देण्याची पद्धत आहे. स्वर्णघटित कल्पावर असा थर दिला आणि नंतर मूलद्रव्य-विश्लेषण केले, तर दिसणारे सोने औषधाचे की थराचे हे कसे ठरवावे? अशा वेळी कार्बनचा थर योजावा लागतो.

अभिभव : मूलद्रव्ये ओळखण्यासाठी यंत्रास जोडलेला क्ष-किरण शोधक वापरतात. त्यात गंधकाची प्रमुख रेषा व शिशाची एक रेषा जवळजवळ एकाच जागी येतात. कज्जलीयुक्त कल्पात गंधकाखाली शिसे झाकले जाऊ शकते. त्यासाठी शिशाची अधिक ऊर्जेची दुसरी रेषा तपासावी लागते.

अतिसन्निकर्ष : लक्षपट मोठे केले की एक कण दिसतो आणि समूह सुटतो. जस्ताच्या ऑक्साइडाचे सर्व कण १०० नॅनोमीटर व्यासाचे मानले, तर एका मिलिग्रॅममध्ये सुमारे ३०० अब्ज कण भरतात. एका छायाचित्रात त्यांतील शेदोनशे येतात.

समानाभिहार : कण एकमेकांस चिकटून पुंजके होतात. पुंजक्याचा आकार तो कणाचा आकार समजणे, अथवा याच्या उलट समजणे, ही नित्याची चूक होय.

मनोनवस्थान : बहुधा नमुना पाठविला जातो, छायाचित्र मागविले जाते आणि प्रबंधास चिकटविले जाते. यंत्रासमोर विद्यार्थी बसलेलाच नसतो. मग मापनरेषा कोणी मोजावी?

हा विषय महत्त्वाचा का

अमेरिकेतील बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारद वा आर्सेनिक आढळल्याचा निबंध डिसेंबर २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. भारत शासनाने जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनौषधी कल्पांची जड धातूंसाठी तपासणी बंधनकारक केली. वनस्पतिज औषधांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत १० भाग आहे. सूक्ष्मदर्शकास जोडलेला शोधक साधारणतः दहा लाखांत १००० भागांखालील मूलद्रव्य विश्वासाने दाखवू शकत नाही. म्हणजेच मर्यादेच्या अनेक पट शिसे असलेले चूर्णही त्या आलेखावर निर्दोष दिसेल. "यंत्रावर तपासले, शिसे नाही" असे विधान करणाऱ्या पदवीधराच्या हाती उद्या एखाद्या गर्भिणीची वा बालकाची चिकित्सा असणार आहे. या प्रश्नाचे उत्तर अणु-शोषण वर्णपटमापन यांसारख्या पद्धतीनेच मिळते.

त्याचप्रमाणे कण नॅनो आकाराचे आहेत एवढ्यावरून औषध गुणकारी वा निर्धोक ठरत नाही. कण जितका लहान, तितके वजनाच्या मानाने त्याचे पृष्ठफळ अधिक व क्रियाशीलताही अधिक. ही क्रियाशीलता हितकर की अहितकर, हे मात्रा, अनुपान व रुग्ण यांवर अवलंबून आहे. जाहिरातीतील आकर्षक छायाचित्र पाहून भारावणारा वैद्य आणि तेच छायाचित्र पाहून प्रश्न विचारणारा वैद्य, यांतील अंतर महाविद्यालयातच पडते.

एक सूचना

रसशास्त्राच्या द्वितीय वर्षात एका भस्मापुरता पुढील क्रम योजता येईल. प्रथम विद्यार्थ्यांनी शास्त्रोक्त परीक्षा स्वहस्ते करून निष्कर्ष लिहून ठेवावेत. नंतर तेच भस्म साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. त्यानंतर पाचसहा विद्यार्थ्यांच्या गटाने विद्यापीठात जाऊन नमुना तयार करण्यापासून उपस्थित राहावे, आधी ठरविलेल्या किमान दहा ठिकाणांची छायाचित्रे घ्यावीत, सुंदर दिसणारी निवडू नयेत, आणि किमान शंभर कण मोजून आकारांचे वितरण मांडावे. पहिल्या, मधल्या व अखेरच्या पुटानंतरचे नमुने सोबत नेल्यास मारणक्रियेत काय घडते हे त्यांना स्वतः पाहता येईल. पदार्थविज्ञान शिकणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही या गटात घ्यावे. त्यांना भावना व पुट यांचे प्रयोजन कळेल, आपल्यांना यंत्राची मर्यादा कळेल.

यासाठी प्रत्येक महाविद्यालयाने कोट्यवधी रुपयांचे यंत्र घेण्याची गरज नाही. काही नमुन्यांचे शुल्क, एक दिवसाचा प्रवास आणि अध्यापकाची पूर्वतयारी पुरेशी आहे. आपल्या संघटनेच्या जिल्हा शाखांनी नजीकच्या विद्यापीठाशी पत्रव्यवहार करून वर्षातून एक दिवस जरी ठरवून घेतला, तरी पुढील पिढीच्या वैद्यांची भस्माविषयीची श्रद्धा डोळस होईल. जाणकार वाचकांनी याबाबत आपले अनुभव व सूचना अवश्य कळवाव्यात, ही नम्र विनंती.