कांद्याचा ट्रक

घटस्थापना तोंडावर आलीये. आग्रा रोडला रेणुकामातेच्या पायथ्याशी नारळ-प्रसादाच्या दुकानांचे मांडव पडतायत, आणि इकडे चांदवड गावातल्या या कुंभाराच्या अंगणात पाय ठेवायला जागा नाही. ओले घट, अर्धवट सुकलेले घट, भाजून लाल झालेले घट. भिंतीकडेला पणत्या, कारण नवरात्र उरकलं की दिवाळी आलीच.

आण्णा चाकावर बसलेत. चाक विजेवरचं; दांडा घालून फिरवायचं जुनं जड चाक भिंतीला टेकवून ठेवलंय. एकाच मोठ्या गोळ्याच्या शेंड्यातून ते घट वर काढतात, दोऱ्याने कापतात, फळीवर ठेवतात. एवढा पातळ कशाला, असं विचारलं तर मान वर न करता सांगतात, "पाझरला तर पाहिजे ना!" घटाभोवतीच्या मातीत पेरलेल्या धान्याला त्या पाझराची ओल मिळते. झिलई दिलेलं चकचकीत भांडं इथे बिनकामाचं. पितळी कलशाच्या जमान्यातही आण्णांचं गिऱ्हाईक टिकून आहे ते त्यामुळे. टिकून आहे, वाढत मात्र नाही. नवरात्र, दिवाळी, संक्रांतीची सुगडं, उन्हाळ्यातले माठ. मधले महिने कोरडे.

अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, पत्र्याच्या सावलीत, त्यांची धाकटी मुलगी खाली पोत्यावर बसलीये. तिच्याभोवती रिक्षातून आलेली चार विशेष मुलं आणि एक आई. आईने आज कांद्याच्या रोपांची रोजंदारी बुडवलीये आणि ती दर दहा मिनिटांनी मोबाईलवर वेळ बघतेय. ताईने विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम केलाय, आणि माती तर तिच्या घरचीच.

मातीत हात घातला की मूल आपोआप शांत होतं, असं बोलायला सोपं आहे. इथे एक मुलगी ओल्या मातीला बोटसुद्धा लावायला तयार नाही. चिखल दिसला की मुठी आवळते. ताई तिच्यापुढे कोरड्या, चाळलेल्या मातीचं ताट ठेवते. मुलगी त्यात बोटाने रेघा ओढते, पुसते, पुन्हा ओढते. बऱ्याच वेळाने ताई पाण्याचे चार थेंब ताटाच्या कडेला टाकते, मध्यभागी नाही. मुलगी कडेकडे बघते. आजचं काम बहुधा एवढंच.

शेजारचा पोरगा वाटी करतोय. एका बाजूला जाड, दुसरीकडे कागदासारखी. आण्णा चाक थांबवून येतात आणि सवयीने हात पुढे करतात.

"आण्णा, राहू द्या."

आण्णांचा हात तसाच राहतो. कुंभाराला वाकडं बघवत नाही. आयुष्यभर तेच तर शिकलेत. मला जास्त गंमत वाटते ती ताईची. तोंडाने ती वडलांना अडवतेय, पण तिचा स्वतःचा अंगठा गुडघ्यावर हळूच फिरतोय, वाटीची ती जाड कड दाबून सारखी करत असल्यासारखा. या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य बहुधा हेच, आणि ते कुठल्या प्रमाणपत्रावर छापलेलं नसतं.

प्रमाणपत्राचा विषय निघतोच. वडनेर भैरवहून एक पदवीधर मुलगा आलाय. मोबाईलवर दोन दिवसांचा आर्ट थेरपीचा वर्ग केलाय, पीडीएफ दाखवतो. "ताई, यात करिअर आहे का?"

"मातीत आहे. थेरपीत शिकशील तर आहे."

मग ती हात न थांबवता सांगत जाते. माती शिकायची तर वाटा आहेत: मुंबईच्या जे. जे. त सिरॅमिकचा विभाग आहे, खादी ग्रामोद्योगवाल्यांची बेळगावजवळ खानापूरला कुंभारकामाची संस्था आहे, तिकडे चंद्रपूरकडे भद्रावतीला मिरमिरांनी उभा केलेला ग्रामोदय संघ आहे. आण्णा चाकावरून भर घालतात की 2023 पासूनच्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांमध्ये कुंभारही आहे; अवजारांना 15,000, प्रशिक्षणाला रोजचे 500, आणि पहिलं कर्ज एक लाखापर्यंत, पाच टक्क्यांनी. त्यांना हे तोंडपाठ आहे. पण मुलांसोबत असं तासभर बसणाऱ्याला त्या योजनेत कुठे बसवायचं?

आर्ट थेरपी हा शब्द तसा म्हातारा आहे. इंग्लंडमधला चित्रकार एड्रियन हिल स्वतः क्षयाने रुग्णालयात पडला, तिथे चित्रं काढून सावरला, इतर रुग्णांना काढायला लावली आणि 1942 साली त्याने हे नाव दिलं. आपल्याकडे 2021 च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात आर्ट थेरपिस्टचा उल्लेख आला. कायद्यात नाव आलं म्हणून चांदवडात नोकरी निघत नाही, हे त्या मुलालाही कळतं. ताई स्वतःला थेरपिस्ट म्हणवत नाही. मुलांनी काय केलं ते वहीत लिहून शाळेच्या समुपदेशकाला देते. शाळेचं मानधन रिक्षाभाडं जाऊन थोडंफार उरतं. घर पणत्यांवर चालतं. दोन दिवसांच्या पीडीएफवर कुणी गावात पाटी लावली, तर मी तरी माझं मूल तिथे पाठवणार नाही.

चौथा पोरगा इतका वेळ कुणाशीच बोललेला नाही. त्याने ट्रक केलाय. दिवसभर आग्रा रोडवर जे जातं तेच: पुढे केबिन, मागे हौदा, सहा चाकं, चाकांवर काडीने टोचलेले नटसुद्धा. मात्र सगळा भरीव, विटेएवढा. ताई तो हातात न घेता चहूबाजूंनी बघते आणि तिच्या कपाळाला आठी पडते.

"हा असाच आव्यात ठेवला तर फुटेल. आत पाणी राहतं, त्याची वाफ होते."

पोरगा ट्रक पोटाशी धरतो.

"नि शेजारचे दहा घट घेऊन जाईल," आण्णा पुटपुटतात. मग आवाज खाली आणून, "रात्री मी कोरतो आतून. त्याला काय कळतंय."

"त्याचा आहे तो," ताई म्हणते. पोरासमोर ती एक जुना चमचा ठेवते. "ड्रायव्हर कुठं बसणार रे?"

हे त्याला पटतं. चमचा घेऊन तो समोरच्या काचेच्या जागेतून केबिन पोखरायला लागतो. जीभ बाहेर, मान तिरकी. केबिन मोकळी होते. हौदा तसाच भरीव.

"आणि मागं?"

"माल हाये," पोरगा म्हणतो. आई मोबाईल खाली ठेवते.

"कसला माल?" आण्णा विचारतात.

"कांदा."

"मग लासलगावला खाली करून ये की. मार्केट सुरू झालं असंल."

पोरगा आण्णांकडे बघतो, हौद्याकडे बघतो, आणि चमचा मागे खुपसतो.