गाणं थांबल्यावर

खंबाटकी घाट चढताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली की आमच्या स्टिरिओत गाण्याच्या मागून एक बारीक शिट्टी सुरू व्हायची. ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टी वर चढायची, पाय काढला की खाली यायची. वडिलांची जुनी मारुती ८०० होती आणि नुकताच तिच्यात ॲम्प्लिफायर बसवून घेतला होता. ज्याने बसवला त्याचं म्हणणं, स्पीकर हलके आहेत, बदला. शेवटी कुणीतरी नाना पेठेतल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे पाठवलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "शिट्टी इंजिनाबरोबर चढते ना, ताई? मग स्पीकरचा काय दोष. अर्थ बघू."

मागची सीट उचलली. ॲम्पची काळी वायर, म्हणजे अर्थ, एका बोल्टखाली दाबलेली होती आणि त्या बोल्टखाली गाडीचा रंग तसाच होता. काकांनी पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा घासून चकचकीत पत्रा उघडा केला. वायरला नवं थिंबल दाबलं, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला, वरून गंज धरू नये म्हणून ग्रीस लावलं. इंजिन चालू करून ॲक्सिलरेटर दिला. शिट्टी गेली होती. त्या दिवसापासून मला या कामाची गोडी लागली, ती आजवर टिकून आहे.

शिट्टीचं कारण साधं आहे. आल्टरनेटर मुळात एसी वीज तयार करतो. डायोड तिची डीसी करतात, तरी तिच्यात थोडी थरथर उरतेच आणि इंजिनाच्या वेगाबरोबर त्या थरथरीचा सूर चढतो. स्टिरिओच्या डेकची अर्थ डॅशबोर्डात, ॲम्पची अर्थ मागे डिकीत. या दोन जागांत व्होल्टेजचा किंचितही फरक पडला, तर गाण्याचा सिग्नल नेणाऱ्या आरसीए वायरीच्या जाळीतूनच करंट वाट काढतो. ॲम्पला गाणं आणि थरथर यातला भेद कळत नाही. तो दोन्ही मोठं करतो.

डेकच्या मागचा वायरींचा झुपका पाहून नवखा माणूस घाबरतो, पण बाजारात मिळणाऱ्या बहुतेक डेकच्या रंगांची भाषा एकच असते. पिवळी कायम बॅटरीवर, लाल किल्लीवर, काळी अर्थ. पांढरी पुढच्या डाव्या स्पीकरची, राखाडी पुढच्या उजव्या, हिरवी मागच्या डाव्या, जांभळी मागच्या उजव्या. प्रत्येकीची काळ्या पट्ट्याची जोडीदार म्हणजे निगेटिव्ह. पिवळी आणि लाल उलटी जोडली, तर किल्ली काढताक्षणी डेक लावून ठेवलेली स्टेशनं विसरतो. दोन्ही बॅटरीवर जोडल्या, तर काही दिवसांत सकाळी गाडी सुरू होत नाही. पांढऱ्या पट्ट्याची निळी वायर ॲम्पला जागं करते. ती जोडायची राहिली म्हणून उत्तम ॲम्प 'बंद' ठरवून परत नेलेले लोक मी पाहिले आहेत.

मुळात वेगळा ॲम्प लागतोच कशाला? डेकच्या खोक्यावर '५० वॉट गुणिले ४' छापलेलं असतं. चालू इंजिनावर गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. तेवढ्यात चार ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात फार तर पंचवीसेक वॉट देता येतात, त्याहून जास्त गणितातच बसत नाही. ॲम्पच्या पोटात गोल कॉइलचा एक छोटा वीजपुरवठा असतो. तो आधी हे व्होल्ट वाढवून घेतो आणि मग स्पीकर हलवतो. बेसच्या ठोक्याला दम येतो तो तिथून.

आणि म्हणूनच पॉवर वायर हा या कामाचा कणा आहे, असं मला ठामपणे वाटतं. पाचशे वॉटचा जुन्या धाटणीचा ॲम्प पूर्ण जोरात साठेक अँपिअर ओढतो. बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर वायर धरा. चार गेजच्या तांब्याच्या वायरीत वाटेत पाव व्होल्ट जातो, आठ गेजच्या वायरीत सहा दशांश. तोही अस्सल तांबं असेल तर. बाजारात जाडजूड, पारदर्शक लाल आवरणाची स्वस्त वायर मिळते. काका तिची एक तार ब्लेडने खरवडून दाखवतात. वरचा तांब्याचा मुलामा निघतो आणि आतून पांढरं ॲल्युमिनियम दिसतं. ॲल्युमिनियम तांब्याच्या साठेक टक्केच वीज वाहून नेतं. लोक वूफरवर दहा हजार घालतात आणि वायरीच्या हजार रुपयांसाठी घासाघीस करतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

ही वायर बॉनेटमधून केबिनमध्ये येते ती पत्र्याच्या भोकातून. तिथे रबरी ग्रोमेट नसेल, तर गाडीच्या हादऱ्यांनी पत्र्याची धार रोज थोडं थोडं आवरण कापत राहते. एके दिवशी तांबं पत्र्याला टेकतं आणि बॅटरी शेकडो अँपिअर ओतू लागते. म्हणून फ्यूज हवा आणि तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. ॲम्पवर वेगळे फ्यूज असतात हे खरं, पण आग लागायची ती वाटेतल्या वायरीला, आणि तिथवर त्यांचा हात पोचत नाही. जॉइंटचंही तसंच. दोन वायरी पिळून टेप मारली, की मे महिन्यात उन्हातल्या गाडीत टेपचा गोंद सुटतो आणि जॉइंट उघडा पडतो. काका सोल्डरपेक्षा नीट दाबलेलं क्रिंप पसंत करतात. सोल्डर जिथे संपतं तिथे वायर ताठर होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते.

नको असलेल्या आवाजाशी झगडणं या कलेच्या जन्मापासूनचं आहे. शिकागोच्या पॉल गॅल्व्हिन यांच्या कंपनीने १९३० साली गाडीत बसवायचा रेडिओ बाजारात आणला. 'मोटर' आणि त्या काळचा प्रसिद्ध ग्रामोफोन 'व्हिक्ट्रोला' यांवरून त्याला मोटोरोला नाव दिलं, आणि पुढे १९४७ मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतलं. त्या काळी स्पार्क प्लगच्या प्रत्येक ठिणगीचा कडकडाट रेडिओत उतरायचा. तो दाबण्यासाठी प्लगवर आणि डिस्ट्रिब्युटरवर रेझिस्टर बसवावे लागत. रेडिओ बसवणं म्हणजे अर्ध्याहून अधिक काम गाडीला गप्प करण्याचंच.

काकांच्या दुकानात स्पीकर जोडण्याआधी दीड व्होल्टचा सेल क्षणभर त्याच्या टोकांना लावतात. कोन बाहेर उडी मारतो तेव्हा सेलच्या प्लसला टेकलेलं टोक पॉझिटिव्ह. एका बाजूचा स्पीकर उलटा जोडला गेला, तर एक हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो आणि बेस हवेतच जिरतो. ऐकणाऱ्याला वाटतं, स्पीकर भिकार आहेत. गेनच्या स्क्रूचंही असंच. लोक त्याला व्हॉल्यूम समजून शेवटपर्यंत पिळतात. तो डेकचा सिग्नल आणि ॲम्प यांचा मेळ घालायला असतो. शंभर वॉटचा ॲम्प आणि चार ओहमचा स्पीकर असेल, तर एका स्थिर सुराची टेस्ट टोन लावून मल्टीमीटरवर वीस व्होल्ट दिसले की थांबायचं. त्यापुढे लाटेचे माथे कापले जातात आणि पहिल्यांदा ट्वीटर जळतात.

नव्या गाड्यांत डेक काढताच येत नाही. स्क्रीनलाच मागचा कॅमेरा आणि स्टिअरिंगवरची बटणं जोडलेली असतात. वॉरंटीच्या धास्तीने कुणी मूळ वायर कापू देत नाही. मग कंपनीच्या कप्लरमध्ये बसणारा जोड-कप्लर घेऊन स्पीकरच्या वायरींतूनच ॲम्पला सिग्नल द्यावा लागतो. काका हेही शिकले, चष्मा कपाळावर चढवून, मोबाइलवर वायरिंगचा नकाशा मोठा करून बघत.

मागच्या महिन्यात भाचीच्या गाडीचं काम त्यांनीच केलं. आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढलं. पॉवर वायर डाव्या दारालगत, आरसीए उजव्या बाजूने नेली. सगळं जोडून झाल्यावर बॅटरी लावली आणि बॉनेटमधल्या होल्डरमध्ये फ्यूज सरकवला, तो सगळ्यात शेवटी. मग इंजिन चालू, हेडलाइट, वायपर, इंडिकेटर, मागची काच तापवणारी जाळी सगळं चालू. गाणं थांबवलं आणि व्हॉल्यूम वर नेला. काकांनी ट्वीटरला कान लावला. भाचीने काही बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. ॲक्सिलरेटर दिला, सोडला, पुन्हा दिला.

"ये, तू पण ऐक," ते तिला म्हणाले. तिने कान लावला. बराच वेळ तशीच वाकून उभी राहिली. तोवर काकांनी साठ अँपिअरचा एक जादा फ्यूज काढला आणि बॅटरीजवळच्या होल्डरशेजारी टायने बांधून ठेवला.